पांडवलेणी: ३ नंबर आणि १० नंबर पाठोपाठ बघा, मग बोलू

गोदाकाठचा:
पांडवलेणीला गेला नाही असा नाशिककर सापडायचा नाही. शाळेची सहल असो नाहीतर पावसाळ्यातला रविवार, फाळके स्मारकाच्या बाजूनं पायऱ्या चढायच्या, वर पोचल्यावर दम खात हायवे बघायचा, २० नंबरमधल्या मोठ्या बुद्धासमोर हात जोडायचे, फोटो काढायचे, खाली उतरून मिसळ. यात वाईट काही नाही, मीही तेच करत आलोय. पण वर बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली २४ लेणी आहेत आणि त्यातली ३ आणि १० नंबरची लेणी म्हणजे एका मोठ्या भांडणाचे दोन पक्षकार आहेत, आणि ते भांडण तिथल्या भिंतींवर लिहून ठेवलंय आणि आपण त्याच्या खालून चालत जातो.

१० नंबर आधी घेऊ. याला नहपानाचं लेणं म्हणतात पण खोदवलंय त्याच्या जावयानं, उषवदातानं. दीनिकाचा मुलगा, बायको दक्षमित्रा म्हणजे नहपानाची लेक. घराणं क्षहरात क्षत्रपांचं, म्हणजे बाहेरून आलेल्या शक राज्यकर्त्यांचं. वऱ्हांड्यातले खांब बघा, खाली पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, मग आठ बाजूंचा खांब, वर उपडी घंटा आणि तिच्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. कार्ल्याचा चैत्य (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) पाहिलेल्याला हे खांब लगेच ओळखू येतील. आत ४० फुटांच्या वरचा चौकोनी हॉल, मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या १६ खोल्या.

आता ३ नंबर. सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं नातवाच्या म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी भिक्षुसंघाला दिलेलं. नकाशा तोच, हॉल तोच, फक्त खोल्या १८. म्हणजे दोन जास्त! खांबांना खालचे घट नाहीत, ते थेट कठड्यातून वर येतात, पण त्याची भरपाई खाली केलीय, सहा धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर आलेत आणि अख्ख्या वऱ्हांड्याच्या तुळया खांद्यावर घेऊन उभे आहेत. आणि दाराची चौकट तर दगडी असून लाकडी तोरणासारखी कोरलीय, सांचीच्या वळणाची, वर मधोमध बोधिवृक्ष, स्तूप आणि धर्मचक्र, दोन्हीकडे द्वारपाल.

माझं म्हणणं असं की ३ नंबर हे १० नंबरला दिलेलं उत्तर आहे. ज्यांनी नहपानाचं राज्य बुडवलं त्यांनी त्याच डोंगरात, चार पावलांवर, तसलंच पण दोन खोल्या जास्तीचं लेणं खोदवलं आणि आत बसवले ते बौद्ध भिक्षूच. राजे एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि दोघांचाही दानधर्म एकाच संघाला. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_पोरगं:
पांडवांनी वनवासात एका रात्रीत खोदली असं आमची आजी सांगायची. आता तुम्ही आजीला खोटं ठरवणार का काय भो?

गोदाकाठचा:
@टवाळ_पोरगं, आजीला नमस्कार सांगा. भिक्षू निघून गेल्यावर कित्येक शतकं आसपासच्या गावांना ही लेणी कोणाची ते ठाऊक नव्हतं, समोर भल्यामोठ्या मूर्ती होत्या, तर लोकांनी त्यांना धर्मराज, भीम, अर्जुन करून टाकलं. महाराष्ट्रात अर्ध्या लेण्यांना पांडवांनीच खोदलंय त्या हिशोबानं. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, आणि आता पुष्कळ लोक त्रिरश्मी लेणी म्हणतात ते योग्यच आहे, पण बसवाल्याला पांडवलेणीच सांगावं लागतं.

शिल्पवेडी:
छान धागा. त्या नावाच्या विषयाला जोडूनच सांगते. १० नंबरच्या मागच्या भिंतीवर मुळात ३ नंबरसारखाच स्तूप कोरलेला होता, पुढे कोणीतरी तोच स्तूप छिलून त्याचा भैरव केला. नीट बघितलं तर भैरवाच्या भोवती जुन्या स्तूपाची रेषा कळते. शेजारच्या ११ नंबरात जैन तीर्थंकर आणि अंबिका आहेत, तीही नंतरची भर. म्हणजे डोंगर रिकामा पडला नाही, माणसं बदलत राहिली. २, २० आणि २३ नंबरातल्या बुद्ध-बोधिसत्त्वांच्या मूर्तीसुद्धा खोदकामाच्या मानानं कित्येक शतकं नंतरच्या, महायान काळातल्या. आधीच्या पिढ्यांनी बुद्धाची मूर्ती केलीच नाही, स्तूप, चक्र, झाड यांच्यावर भागवलं, म्हणून ३ नंबरमध्ये दारावर ही चिन्हं दिसतात आणि मूर्ती दिसत नाही.

तुमच्या "उत्तर" वाल्या मुद्द्याशी सहमत, पण एक भर. कारागिरीत १० नंबर उजवं आहे. ३ नंबरच्या खांबांच्या घंटा फुगीर आणि जरा जाडसर झाल्यात, प्राण्यांतही तो डौल नाही. खर्च दणकून केलाय, दरवाजा तर नुसता भरून टाकलाय, पण १० नंबरची प्रमाणबद्धता नाही. (माझं वैयक्तिक मत, बलश्रीबाईंनी रागावू नये.)

हिशोबनीस:
इतिहास आपला प्रांत नाही, मी आयुष्यभर जमाखर्च तपासले. पण १० नंबरातल्या उषवदाताच्या एका लेखाचा अर्थ वाचला आणि खुर्चीतून उठलो. तो लिहितो की वर्ष ४२ मध्ये हे लेणं चारी दिशांच्या संघाला दिलं आणि त्याबरोबर ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून. ही ठेव कुठे, तर नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या दोन संघटनांकडे. एकीकडे २००० दरमहा शेकडा १ व्याजानं, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज खायचं, असं स्पष्ट लिहिलंय.

आता गंमत बघा. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात म्हटलंय की लेण्यात वर्षावास (पावसाळाभरचा मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. २० गुणिले १२ = २४०. दमडीचा फरक नाही! उरलेल्या १००० चं व्याज वर्षाला ९०, ते किरकोळ खर्चाला. हे सगळं निगमसभेत म्हणजे नगरसभेत वाचून दाखवलं आणि फलकवारात म्हणजे दप्तरात नोंदवलं असंही खाली आहे. साक्षी, नोंद, व्याजदर, लाभार्थी, सगळं जागेवर. आजकालच्या कित्येक विश्वस्तांचे कागद इतके स्वच्छ नसतात, उगीच नावं घेत नाही.

आणि हो, वर आणखी चिखलपद्र गावातली ८००० नारळाची झाडं. ती कुठल्या खर्चाला धरायची ते मात्र मला लागलं नाही :)

सिडकोची_सुमा:
@हिशोबनीस काका, मस्तच! पण दोन श्रेणींचे व्याजदर वेगळे का? एक १ टक्का, दुसरी पाऊण?

हिशोबनीस:
सुमाताई, लेख कारण देत नाही. पण सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवली नाही आणि दोन्हीकडून वेगळे दर घेतले याचा अर्थ घासाघीस करून ठरवलंय, राजाच्या जावयानं नुसतं फर्मान सोडलं नाही, एवढं तरी निघतं. आणि विणकरांच्या श्रेणीकडे ठेव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या व्याज द्यायची पत होती, हे माझ्या मते राजाच्या पराक्रमापेक्षा मोठं. सोपाऱ्याच्या बंदरातून थळ घाटानं वर यायचं आणि गोवर्धन-नाशिकवरून पैठण, तेरला जायचं या वाटेवर कापड विकणाऱ्यांकडे पैसा खेळणारच.

बखरबहाद्दर:
धागा वाचतोय, पण एक खटकलं. उषवदात बौद्ध होता का? त्याच लेण्यातला दुसरा लेख वाचा. ३ लाख गाई दान, बार्णासा नदीवर सोनं दान आणि घाट, देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण, प्रभासला ब्राह्मणांची लग्नं स्वतःच्या खर्चानं लावून दिली, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथं धर्मशाळा, विहिरी, तळी. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डाहाणुका या नद्यांवर फुकट नावा. (दमणगंगा आणि डहाणू ओळखू येतात ना?) मग शेवटी लेणं. म्हणजे याच्या यादीत भिक्षू सगळ्यात शेवटी!

आणि मध्येच एकदम "मी" वर येतो, की मालय नावाच्या टोळीनं वेढलेल्या उत्तमभद्र टोळीला सोडवायला भर पावसाळ्यात गेलो आणि ते मालय माझ्या नुसत्या आरोळीनंच पळाले, मग पुष्करला जाऊन अंघोळ केली, ३००० गाई आणि एक गाव दिलं. स्वतःची टिमकी वाजवायला लेण्याचा वऱ्हांडा.

शिल्पवेडी:
@बखरबहाद्दर, "आधी बौद्ध का हिंदू ते सांगा" हा आपला आजचा प्रश्न आहे, त्याचा नव्हता. राज्य करायचं तर ब्राह्मणही हवेत, भिक्षूही हवेत, व्यापारीही हवेत. तोच प्रश्न तुम्ही बलश्रीच्या लेखाला विचारून बघा. त्यात गौतमीपुत्राला "एकबम्हण" म्हणजे एकमेव ब्राह्मण म्हटलंय, क्षत्रियांचा दर्प मोडणारा म्हटलंय, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हटलंय, आणि हे सगळं बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या दारावर, भदावनीय पंथाच्या भिक्षूंच्या डोक्यावर. त्यांना चाललं.

तो फुकट नावांचा मुद्दा मला फार आवडतो. गाई, सोनं हे सगळे राजे देतात, नदी ओलांडायला फुकट नाव देणारा माणूस वाटेनं जाणाऱ्याचा विचार करणारा आहे.

बखरबहाद्दर:
बरं, नावांचं मान्य. टिमकीचं मान्य नाही.

मखमलाबादकर:
बलश्रीच्या लेखावर जरा सविस्तर लिहा ना कोणीतरी. शाळेत फक्त "तिसमुदतोयपीतवाहन" एवढंच पाठ केलंय.

गोदाकाठचा:
लिहितो. ३ नंबरच्या वऱ्हांड्यात मागच्या भिंतीवर, डाव्या दाराच्या वरच्या बाजूला ११ ओळींचा लेख आहे. प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी. गौतमीपुत्राबद्दल जे काही भारी ऐकतो त्यातलं बरंचसं याच एका लेखावरून. आणि तो लिहिलाय आईनं, मुलगा गेल्यावर, नातू गादीवर असताना.

देशांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंती. मग डोंगरांची, विंध्य, पारियात्र, सह्य, कण्हगिरी, मलय, महेंद्र वगैरे. मग शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा, "खखरातवंसनिरवसेसकर" म्हणजे क्षहरात वंश मुळासकट उपटणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, हेच तुमचं तिसमुदतोयपीतवाहन. आता हे वाचताना लक्षात ठेवायचं की उषवदाताचं लेणं तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि भिक्षू दोन्हीकडे राहतायत!

पण याच दणदणाटात एक वेगळा सूर येतो, की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला न धजणारा. आणि आईची सेवा कधी न चुकवणारा. स्वतःबद्दल ती लिहिते की सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यात रमलेली, तप, दम, नियम, उपवास पाळणारी, राजर्षीची वधू म्हणवून घ्यायला सर्वार्थानं साजेशी. महाराजाची आई आणि महाराजाची आजी. मग सांगते की कैलास शिखरासारख्या तिरण्हु पर्वताच्या शिखरावर विमानासारखं लेणं केलं. आपण पाथर्डी फाट्यावरून बघतो तो डोंगर हो, कैलासासारखा. आईनं पैसे दिलेत, म्हणू द्या.

सिन्नरचा_पाहुणा:
क्षहरातांचा पराभव फक्त लेण्यात नाही, नाण्यांतही आहे आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी, दारणा आणि गोदावरीचा संगम आहे तिथलं गाव. १९०६ मध्ये तिथं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा मारलाय. एका बाजूला नहपानाचा चेहरा, त्याच्यावरच सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. चांदी वितळवायची भानगडच नाही, हातोडा मारला की पैसा आपला.

टवाळ_पोरगं:
नोटबंदी न करता नोटा चालू ठेवल्या म्हणा की.

गोदाकाठचा:
@सिन्नरचा_पाहुणा, हीच ती जोड मला हवी होती. लेख बलश्रीच्या बाजूचा, त्यात मुलाची स्तुती असणारच. पण नाणी कोणाची बाजू घेत नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हे सगळं नेमकं कुठे बसवायचं यावर अभ्यासक अजून हमरीतुमरीवर येतात, पण आधी नहपान, मग त्याच्यावर गौतमीपुत्र, हा क्रम ठशांनी पक्का केला.

आर्किटेक्ट_नाशिकरोड:
तुम्ही सगळे ३ आणि १० च्या मागे लागलात, १८ नंबरच्या चैत्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून राहवत नाही.

या डोंगरात चैत्यगृह म्हणावं असं हेच एक, बाकी सगळे राहण्याचे विहार. बाहेरचा दर्शनी भाग बघा, खाली छोटं कमानीचं दार, वर मोठी पिंपळपानी कमान, त्यातून आत स्तूपावर उजेड पडायचा. कमानीच्या आतल्या बाजूला दगडात वासे कोरलेत, आजूबाजूला कठडे, छोट्या छोट्या कमानी, खांबुले. हे सगळं लाकडी बांधकामातून आलंय. लाकडात वासा छत पेलतो म्हणून लागतो, दगडाच्या डोंगरात त्याला काहीच काम नाही, तरी कोरलाय कारण देऊळ "असं दिसतं" हे डोळ्यात बसलेलं. आत गजपृष्ठाकार छताला खरेखुरे लाकडी वासे बसवलेले होते, ते गेले, खाचा राहिल्या. खांब अष्टकोनी, बाजूच्या काहींना खाली उंच घट आहेत पण कार्ल्यासारखी वर माणसं-हत्तींची गर्दी नाही. साधं आहे, जुनं आहे.

दारावरचा लेख म्हणतो की हे नासिककरांच्या धंभिक गावाचं दान. गावानं वर्गणी काढून चैत्याचं तोंड करून दिलं! "नासिक" हे नाव दगडावर इतकं जुनं. आत खांबांवर भटपालिका नावाच्या बाईचा लेख आहे, राजअमात्य अऱ्हलयाची मुलगी, राजअमात्य अगियतणकाची बायको, तिनं चैत्यगृह पूर्ण केलं. म्हणजे दर्शनी भाग गावाचा, आतलं काम बाईचं, जसा पैसा येईल तसं खोदत गेले.

आणि शेजारीच खालच्या पातळीवर १९ नंबर, तिथं बहुतेक लोक वाकून बघतात आणि पुढे जातात. सगळ्यात जुनं तेच. छोटासा चौकोन, तीन बाजूंना दोन-दोन खोल्या, दारांवर कमानी, दगडी जाळीच्या खिडक्या. लेख सांगतो, सातवाहन कुळात कण्ह राजा असताना नासिकच्या श्रमणांवर (भिक्षूंवर) नेमलेल्या महामात्रानं, म्हणजे अधिकाऱ्यानं, लेणं करवलं. इसवी सनापूर्वीचं काम. जाळीची खिडकी बघा, रेषा कुठेही थरथरत नाही. ३ नंबरच्या दारात जेवढी गर्दी आहे तेवढीच इथं शांतता, आणि मला विचाराल तर डोंगरातलं सगळ्यात सुंदर काम हेच.

सिडकोची_सुमा:
हे खोदायचे कसे पण? वरून का खालून? माझा मुलगा विचारतोय, पाचवीत आहे.

आर्किटेक्ट_नाशिकरोड:
मुलाला सांगा, वरून खाली. आधी डोंगराचा उतार छाटून उभी सपाट भिंत करायची, मग छताच्या पातळीला आत शिरायचं, छत पूर्ण करायचं आणि मग खाली खाली यायचं. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही, उभा असलेला दगडच पायाखाली ओटा होतो. खांब म्हणजे न खोदलेला दगड. चूक झाली तर परत जोडता येत नाही. आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या आडव्या थरांचा, त्यामुळे चांगला एकसंध थर सापडला की त्याच उंचीवर एका ओळीत लेणी खोदत जायची, म्हणूनच वर गेल्यावर सगळी लेणी एकाच वाटेवर लागतात, डोंगरभर विखुरलेली नाहीत.

मुलाला २० नंबर दाखवा. तिथला हॉल मुळात छोटा होता. भिक्षू बोपकीनं सुरू केलेलं काम बरीच वर्षं अर्धवट पडलेलं, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या ७ व्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिनं ते पुरं केलं. मग काही शतकांनी मागची भिंत फोडून हॉल लांबवला, गाभारा काढला आणि त्यात पाय खाली सोडून बसलेला तो मोठा बुद्ध.

वाचनमात्र:
बरेच महिने नुसतं वाचतो, आज लॉगिन केलं. मी पूर्वी वर अभ्यासासाठी बराच वेळ काढलाय, तेव्हा राजांशिवायची माणसं कोण यावर थोडं.

६ नंबरचं लेणं वीर नावाच्या व्यापाऱ्याचं, त्यात एक खोली त्याची बायको नंदश्रीची, एक मुलगी पुरुषदत्तेची. ८ नंबर मुगुदासाचं, त्याच्या नावाआधी जो शब्द आहे त्याचा अर्थ कोळी असा लावतात, म्हणजे मासेमारी करणारा, सहकुटुंब दान. ११ नंबर, जिथं नंतर जैन मूर्ती आल्या, ते मुळात शिवमित्र नावाच्या लेखकाच्या, कारकुनाच्या घरातलं दान. १७ नंबर इंद्राग्निदत्ताचं, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा यवन. ग्रीक माणूस, बापाचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित, आणि आईबापांच्या नावानं नाशिकला लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी देतो.

आणि १० नंबरमध्येच उषवदाताच्या नंतर कितीतरी वर्षांनी आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाची उपासिका, शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको. तिनंही श्रेणींकडेच ठेव ठेवली, त्यात तेली आहेत, कुंभार आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत, आणि व्याज कशाला, तर संघातल्या आजारी भिक्षूंच्या औषधाला. @हिशोबनीस, राजवंश बदलले, क्षत्रप गेले, सातवाहन गेले, आभीर आले, पण श्रेणीकडे ठेव ठेवायची पद्धत टिकली.

हिशोबनीस:
औषधासाठी वेगळा निधी! आता मला हे बघायला वर जावंच लागणार, गुडघे काही का म्हणेनात.

मखमलाबादकर:
काका, पायऱ्या आहेत पूर्ण, मध्ये टेकायला जागाही आहे, सावकाश जा. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. सगळी लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत त्यामुळे आत थेट ऊन येत नाही, गारवा असतो पण अंधारही असतो, टॉर्च न्या. लेख वऱ्हांड्याच्या भिंतीवर अगदी छताखाली आहेत, दुर्बीण असेल तर फार उपयोग होतो. टॉर्चचा उजेड समोरून मारू नका, बाजूनं तिरका मारा, अक्षरं उठून दिसतात.

शिल्पवेडी:
आणि कृपा करून अक्षरांवर खडू, पाणी, बोटं काहीही फिरवू नका. मागे एक "हेरिटेज वॉक" वाले लोकांना अक्षरं दिसावीत म्हणून भिंतीवर पाणी शिंपडत होते, मी भांडले. भिंतीवर बदाम कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, दोन हजार वर्षांनी कोणी तेही वाचेल या आशेवर असतील.

टवाळ_पोरगं:
आता सिरियस प्रश्न. त्या उषवदातानं संघाला जमीन पण दिलेली ना? नहपान हरल्यावर त्या जमिनीचं काय झालं? सातबारा कोणाच्या नावावर?

गोदाकाठचा:
वा, टवाळा, सगळ्यात चांगला प्रश्न तूच विचारलास. याचं उत्तर ३ नंबरच्या वऱ्हांड्यात आहे, बलश्रीच्या लेखापासून थोडं बाजूला, म्हणून लोक ते सोडून देतात.

उषवदातानं एक शेत नाशिकच्या सीमेवर वायव्येला, वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना रीतसर विकत घेऊन लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणासाठी दिलं होतं. ते वेगळं. पण गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाचा हुकूम आहे, वैजयंतीच्या विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला, गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला. अपरकखडी गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजपर्यंत उषवदाताच्या ताब्यात होतं, ते त्रिरश्मीवरच्या प्रव्रजितांना म्हणजे भिक्षूंना देतो. म्हणजे लढाई संपल्या संपल्या, छावणी उठायच्या आधी, शत्रूची जमीन संघाच्या नावावर. आणि सवलती बघ: सरकारी माणसांनी त्यात शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी लुडबुड करायची नाही.

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम. आता अमात्य श्यामक. राजा आणि राजमाता दोघांच्या नावानं. कखडीचं जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही आणि गाव वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तनं देतो, सवलती त्याच.

बखरबहाद्दर:
२०० ची १०० झाली की! भिक्षूंना गंडवलं.

हिशोबनीस:
नाही हो. ओसाड गावातली २०० आणि शहराला लागून कसती १००, मी तर डोळे झाकून दुसरी घेईन. शिवाय पहिल्या जागी उत्पन्न शून्य होतं, आणि तसं सरकारनं स्वतः भिंतीवर कबूल केलंय.

वाचनमात्र:
आणि तिथंच थांबत नाही. पुळुमावीच्या २२ व्या वर्षी पुन्हा हुकूम, अमात्य शिवखदिल याला, की देवीच्या म्हणजे बलश्रीच्या लेण्यासाठी दिलेल्या सुदर्शन गावाऐवजी आता शाल्मलीपद्र गाव द्यावं. बलश्रीनं लेणं दिल्याला जेमतेम तीन वर्षं झालेली. तो हुकूमही तिथंच खाली कोरलाय, ३ नंबरला गेलात की डाव्या दाराच्या बाजूला बघा.

टवाळ_पोरगं:
रविवारी येतोय. हिशोबनीस काका, पायऱ्यांशी भेटा, टॉर्च माझा.